विश्लेषण : न्यूट्रिनो निघतानाच का मोजावे लागतात?

माजरीच्या साइडिंगवरून कोळशाचा रेक सुटतो तेव्हा त्याच्यासोबत दोन नोंदी जातात. वजन किती आणि ग्रेड कोणती. रेक वीज केंद्रात पोहोचला की तिथे पुन्हा वजन होते, पुन्हा नमुने घेतले जातात. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत की वाद सुरू होतो. इकडे भरताना एक ग्रेड होती, तिकडे उतरवताना दोन पायऱ्या खाली कशी गेली? वाटेत चोरी झाली, पावसाचे पाणी मुरले, की भरतानाच नमुना चुकीचा घेतला गेला? माजरी, भद्रावती, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात ज्याच्या घरातले कोणी वेकोलित आहे, त्याला हा वाद नवा नाही. निघतानाचा आकडाच पक्का नसेल, तर पोहोचल्यावर कितीही बारकाईने मोजा, वाटेत काय घडले ते सांगता येत नाही.

हाच पेच सध्या भौतिकशास्त्रातल्या एका फार मोठ्या प्रयोगासमोर आहे. तिथे कोळशाच्या जागी न्यूट्रिनो आहेत आणि निघतानाच्या काट्याला ‘निअर डिटेक्टर’ म्हणतात. हा काटा कसा असावा, त्यावर किती खर्च करावा आणि तो कोणी बांधावा, यावर गेली पंधराएक वर्षे खल चालू आहे. त्यात भारतीय संस्थाही आहेत. आपल्या करातून जाणारा पैसा आणि आपल्या मुलांना मिळू शकणारे काम, असे दोन्ही त्यात गुंतले आहे.

न्यूट्रिनो वाटेत बदलतात म्हणजे काय?

न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला, अतिशय हलका मूलकण. सूर्यात तयार झालेले सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून आरपार जातात. आपल्याला कळतही नाही, कारण ते जवळपास कशालाच धडकत नाहीत. अख्खी पृथ्वी त्यांना आडवी येत नाही. म्हणूनच ते पकडणे अवघड. शेकडो किंवा हजारो टनांचे यंत्र उभारायचे आणि अब्जावधींतला एखादा धडकण्याची वाट पाहायची, एवढेच हाती असते.

न्यूट्रिनोचे तीन प्रकार आहेत : इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ. शास्त्रज्ञ त्यांना ‘फ्लेवर’ म्हणतात. आपण सोयीसाठी ग्रेड म्हणू. प्रवास करता करता हे प्रकार एकमेकांत बदलतात. जपानमधल्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने १९९८ मध्ये आणि पुढे कॅनडातल्या सडबरी प्रयोगाने हे दाखवून दिले. त्यासाठी ताकाकी काजिता आणि आर्थर मॅकडोनाल्ड यांना २०१५ चे नोबेल मिळाले. म्हणजे म्युऑन ग्रेडचा भरलेला माल उतरवताना त्यातला थोडा इलेक्ट्रॉन ग्रेडचा निघतो, आणि त्यात कुणाचीही लबाडी नसते. निसर्गच तसा आहे.

हा बदल न्यूट्रिनोमध्ये जितका होतो, तितकाच त्याच्या प्रतिकणात, म्हणजे अँटिन्यूट्रिनोमध्ये होतो का, हा खरा प्रश्न आहे. महास्फोटानंतर द्रव्य आणि प्रतिद्रव्य समसमान तयार झाले असेल, तर दोघांनी एकमेकांना संपवून टाकायला हवे होते. मग आज आपण, हा कोळसा, ही जंगले उरली कशी? न्यूट्रिनो आणि अँटिन्यूट्रिनो यांच्या वागण्यात फरक सापडला, तर त्या कोड्याचा एक दुवा हाती लागेल.

ड्यून प्रयोग नेमका काय आहे?

अमेरिकेत शिकागोजवळ फर्मिलॅब ही प्रयोगशाळा आहे. तिथल्या त्वरकात म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरमध्ये वेग दिलेले प्रोटॉन ग्रॅफाइटच्या कांडीवर आदळवायचे. त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात. चुंबकीय भोंग्यांनी ते एका दिशेला वळवायचे आणि सुमारे दोनशे मीटर लांबीच्या नळीतून धावू द्यायचे. धावता धावता त्यांचा क्षय होतो आणि न्यूट्रिनो तयार होतात. बाकीचे सगळे कण खडकात अडकतात, न्यूट्रिनो पुढे जातात. १,३०० किलोमीटर. त्यासाठी बोगदा वगैरे लागत नाही; शलाका जमिनीत तिरकी रोखली की झाले.

दुसऱ्या टोकाला साउथ डकोटा राज्यातल्या लीड गावी होमस्टेक ही सोन्याची जुनी खाण आहे. रेमंड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकापासून याच खाणीत सूर्याचे न्यूट्रिनो मोजले आणि २००२ चे नोबेल मिळवले. आता तिथेच जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर ड्यूनचे दूरचे डिटेक्टर उभे राहत आहेत. प्रत्येकात सतरा हजार टन द्रवरूप आर्गॉन. त्यासाठीच्या प्रचंड दालनांचे खोदकाम २०२४ मध्ये संपले. सुमारे आठ लाख टन खडक बाहेर काढावा लागला. उघड्या खाणीत हा आकडा किरकोळ वाटेल. पण दीड किलोमीटर खालून, जुन्या खाणीच्या लिफ्टने तो वर काढणे काय असते, हे भूमिगत खाणीत काम केलेला माणूसच सांगू शकेल.

इतक्या लांबचा आणि मोठा प्रयोग का हवा, याची मांडणी २००३ मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेतले मिलिंद दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती. पुढे ‘एलबीएनई’ या नावाने प्रकल्प आकाराला आला, तेव्हा दिवाण त्याच्या दोन प्रवक्त्यांपैकी एक होते. २०१५ पासून तो ड्यून म्हणून ओळखला जातो. तीसहून अधिक देशांतले चौदाशेच्या आसपास शास्त्रज्ञ त्यात आहेत.

बातम्या येतात त्या या भव्य दालनांच्या आणि आर्गॉनच्या टाक्यांच्या. फर्मिलॅबच्या आवारात, शलाकेच्या उगमापासून ५७४ मीटरवर, साधारण साठ मीटर खोल होणाऱ्या छोट्या दालनाबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. माझ्या मते प्रयोगाचा निकाल खरा की खोटा हे त्या छोट्या दालनात ठरेल.

एकदाच मोजून का भागत नाही?

दूरच्या डिटेक्टरमध्ये जी संख्या मिळते, ती चार गोष्टींचा गुणाकार असते. किती न्यूट्रिनो निघाले, वाटेत किती बदलले, आर्गॉनच्या अणुगर्भाला धडकण्याची त्यांची शक्यता किती, आणि धडकल्यावर यंत्राने ते किती अचूक ओळखले. आपल्याला हवी आहे फक्त दुसरी गोष्ट. बाकी तीन ठाऊक नसतील, तर गुणाकारातून ती वेगळी काढायची कशी?

या तिन्ही गोष्टी कागदावर गणित करून पुरेशा कळत नाहीत. ग्रॅफाइटवर प्रोटॉन आदळल्यावर नेमके किती पायॉन निघतील याचा अंदाज आठ-दहा टक्क्यांनी चुकू शकतो. धडकेचे तर त्याहून अवघड. आर्गॉनच्या अणुगर्भात १८ प्रोटॉन आणि २२ न्यूट्रॉन दाटीवाटीने असतात. न्यूट्रिनो त्यातल्या एकाला धडकला की त्यातून उडालेले कण बाहेर पडेपर्यंत आतल्या आत आणखी कुणाकुणाला धडकतात. काही शोषले जातात. न्यूट्रॉन बाहेर पडला तर बहुतेकदा खूण न ठेवताच निघून जातो आणि आपल्याबरोबर थोडी ऊर्जाही नेतो. आलेल्या न्यूट्रिनोची ऊर्जा किती होती, हे या उरल्यासुरल्या कणांवरून ओळखायचे असते. आणि न्यूट्रिनो किती बदलतो हे तर त्याच्या ऊर्जेवरच अवलंबून! ऊर्जा ओळखण्यात पद्धतशीर चूक झाली की ती चूकच नवा शोध म्हणून मिरवू शकते.

न्यूट्रिनो आणि अँटिन्यूट्रिनो यांच्यातला जो फरक ड्यूनला शोधायचा आहे, त्यासाठी एकूण अनिश्चितता दोन-चार टक्क्यांच्या आत आणावी लागेल. दहा टक्के हलणाऱ्या काट्यावर दोन टक्क्यांचा फरक तोलता येत नाही. दूरचा डिटेक्टर दुप्पट मोठा केला, तरी काटा हलतच राहणार.

म्हणून उगमाजवळच, न्यूट्रिनो बदलायच्या आधी, त्याच शलाकेसमोर, त्याच आर्गॉनचा दुसरा डिटेक्टर ठेवायचा. तिथे किती धडका होतात, कशा होतात, कोणती ऊर्जा दिसते, सगळे मोजायचे. मग दोन्ही टोकांचे गुणोत्तर घेतले की दोन्हीकडच्या सारख्या चुका बऱ्याच अंशी आपोआप छाटल्या जातात.

जवळचा काटा नसेल तर काय होते?

याची उदाहरणे इतिहासात आहेत, आणि ती महागडी आहेत.

फर्मिलॅबमध्येच २००२ मध्ये मिनीबून नावाचा प्रयोग सुरू झाला. आठशे टन खनिज तेलाची एक टाकी, शलाकेपासून सुमारे ५४१ मीटरवर. नावात ‘मिनी’ होते, कारण काही वेगळे दिसले तर दुसऱ्या अंतरावर आणखी एक टाकी उभारायची आणि मग पूर्ण ‘बून’ करायचा, असे ठरले होते. वेगळे दिसले. कमी ऊर्जेच्या भागात इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोसारख्या नोंदी अपेक्षेपेक्षा जास्त आल्या. २०१८ पर्यंत हा जादा आकडा इतका ठसठशीत झाला, की न्यूट्रिनोचा चौथा, आजवर न दिसलेला प्रकार असावा अशी जगभर चर्चा झाली. पण दुसरी टाकी कधी उभारलीच गेली नाही. शलाकेतच काही गडबड होती, धडकेचे गणित चुकले होते, की खरोखर नवा कण होता, हे एका टाकीवरून सांगणे शक्य नव्हते. त्यात ती टाकी इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण यांच्यात फरक करू शकत नव्हती, हेही खरे.

मग त्याच शलाकेवर आर्गॉनचे तीन डिटेक्टर उभारावे लागले. त्यातल्या मायक्रोबूनने २०२१ मध्ये सांगितले, की जादा इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो दिसत नाहीत. उगमापासून ११० मीटरवरच्या सर्वांत जवळच्या डिटेक्टरला पहिले न्यूट्रिनो २०२४ मध्ये दिसले. मिनीबूनने मोजायला सुरुवात केल्यापासून बावीस वर्षांनी. एवढ्या काळात किती जणांची पीएचडी त्या जादा आकड्याभोवती फिरली असेल, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

दुसरे उदाहरण अणुभट्टीच्या न्यूट्रिनोंचे आहे. त्वरकाचे नसले, तरी धडा तोच आहे. फ्रान्समध्ये डबल शू प्रयोगाने २०११ मध्ये आधी दूरचा डिटेक्टर चालू केला. जवळचा तयार व्हायला आणखी तीन वर्षे लागली. चीनमधल्या दाया बे प्रयोगाने मात्र जवळचे आणि दूरचे डिटेक्टर एकदमच चालवले आणि अवघ्या ५५ दिवसांच्या नोंदींवर मार्च २०१२ मध्ये निर्विवाद निकाल जाहीर केला. न्यूट्रिनो बदलण्याच्या गणितातली शेवटची अज्ञात कोनराशी त्यांनी मोजली. डबल शूला त्याची चाहूल आधी लागली होती, पण खात्रीने सांगता आले नाही.

जपानचा टी-टू-के प्रयोग २९५ किलोमीटरवर मोजतो, पण त्याचा जवळचा डिटेक्टर २८० मीटरवर आहे. त्याच्या आधारे तिथली दहा-पंधरा टक्क्यांची अनिश्चितता पाच टक्क्यांच्या आसपास खाली आली. फर्मिलॅबच्या नोव्हा प्रयोगात तर जवळचा आणि ८१० किलोमीटरवरचा असे दोन्ही डिटेक्टर एकाच घडणीचे आहेत. एक सुमारे तीनशे टनांचा, दुसरा चौदा हजार टनांचा. नोव्हामध्ये दिल्ली, पंजाब, जम्मू, कोचीन, बनारस हिंदू विद्यापीठ अशा अनेक भारतीय विद्यापीठांचे गट काम करतात, हे इथे नोंदवायला हवे.

मग ड्यूनचा जवळचा डिटेक्टर कसा असेल?

सोपा मार्ग म्हणजे दूरच्या टाकीची छोटी प्रत ठेवणे. पण ते तसे जमत नाही. उगमाजवळ न्यूट्रिनोंची गर्दी इतकी असते, की सव्वा सेकंदाने येणाऱ्या प्रत्येक ठोक्यात, दहा मायक्रोसेकंदांच्या आत, डझनावारी धडका एकदम होतात. दूरच्या टाकीत तारांची जाळी वापरून कणांचा माग काढता येतो, कारण तिथे तुरळक धडका असतात. इथे तारा वापरल्या तर यात्रेतल्या गर्दीचा एकच फोटो काढून प्रत्येकाचा रस्ता शोधण्यासारखे होईल. म्हणून आर्गॉनची टाकी ३५ स्वतंत्र खणांत विभागायची आणि तारांऐवजी मोबाइल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर असतात तसे बारीक पिक्सेल लावायचे, असे ठरले. चार खणांचा नमुना फर्मिलॅबमध्ये बसवला गेला आणि त्याला २०२४ च्या उन्हाळ्यात न्यूट्रिनो दिसलेही.

टाकीच्या मागे पोलादी पत्र्यांचा आणि प्रकाश देणाऱ्या पट्ट्यांचा दुसरा डिटेक्टर असेल. टाकीतून निसटणारे म्युऑन तो मोजेल. तिसरा, ‘सँड’ नावाचा, एकाच जागी बसून शलाकेवर रोज नजर ठेवील. इटलीतल्या फ्रास्काती प्रयोगशाळेतल्या जुन्या क्लोई प्रयोगाचा चुंबक त्यासाठी पुन्हा वापरला जाणार आहे. मोठ्या विज्ञानात अशी काटकसर पाहिली की बरे वाटते.

पण सगळ्यांत हुशारीची गोष्ट वेगळीच आहे. आर्गॉनची टाकी आणि तिच्या मागचा डिटेक्टर रुळांवर बसवून शलाकेच्या मध्यापासून तीसेक मीटर बाजूला सरकवता येतील. बाजूला गेले की न्यूट्रिनोंची सरासरी ऊर्जा कमी होते. म्हणजे एकाच शलाकेचे वेगवेगळे नमुने मिळतात. कोळशाच्या भाषेत सांगायचे तर हे ब्लेंडिंग आहे. बॉयलरला हवी तशी प्रत मिळवण्यासाठी वेगवेगळ्या ग्रेडचे कोळसे ठरावीक प्रमाणात मिसळतात. तसेच बाजूच्या जागांवरच्या नोंदी ठरावीक प्रमाणात मिसळून १,३०० किलोमीटरवर, बदल झाल्यानंतर, जशी शलाका दिसेल तशी जवळच तयार करता येते. मग अणुगर्भाच्या आतल्या गोंधळाबद्दलच्या तर्कांवर कमी विसंबावे लागते. नुसते गुणोत्तर पुरत नाही, याचे कारणही इथेच आहे : जवळच्या डिटेक्टरला दोनशे मीटर लांबीचा उगम दिसतो, दूरच्याला ठिपका दिसतो, आणि मधल्या काळात काही ऊर्जांचे न्यूट्रिनो बदलून गेलेले असतात. दोन्हीकडचा माल कधीच तंतोतंत सारखा नसतो.

काटकसर नेमकी कुठे केली जाते?

खर्च वाढला की कात्री कुठे लागते हे पाहिले की कुणाला काय महत्त्वाचे वाटते ते कळते. ड्यूनच्या अमेरिकी हिश्श्याचा खर्च तीन अब्ज डॉलरच्या वर गेला आहे. त्यामुळे प्रयोगाचे दोन टप्पे पाडले गेले. पहिल्या टप्प्यात चारऐवजी दोन दूरच्या टाक्या आणि वर सांगितलेला जवळचा संच. उच्च दाबाच्या आर्गॉन वायूचा, चुंबकात बसवलेला डिटेक्टर दुसऱ्या टप्प्यात ढकलला गेला. धडकेतून निघणारे अगदी कमी ऊर्जेचे कण द्रवात लगेच थांबतात. वायूत ते लांब जातात आणि दिसतात. अणुगर्भाच्या आत काय घडते ते पाहण्याचे हे सर्वांत चांगले साधन होते.

अमेरिकेच्या कणभौतिकी सल्लागार समितीने डिसेंबर २०२३ च्या अहवालात दुसऱ्या टप्प्याला पाठिंबा दिला. त्यात जास्त सक्षम जवळचा डिटेक्टरही आला. चांगलेच झाले. तरीही क्रम मला पटत नाही. दुसऱ्या टप्प्यात शलाकेची शक्ती १.२ मेगावॉटवरून दोनच्या पुढे जाईल, नोंदी भराभर वाढतील, आणि तेव्हाच काट्याची चूक सगळ्यांत जास्त आड येईल. पहिल्या टप्प्यात नोंदी थोड्या असल्याने आकडेवारीतली अनिश्चितताच मोठी असते, असा युक्तिवाद केला जातो. तो चुकीचा नाही. पण डिटेक्टर बांधायला दशक लागते. नोंदी वाढल्यावर काटा मागवायचा, तर तो मिनीबूनच्या दुसऱ्या टाकीसारखा उशिरा येतो.

भारत यात कुठे आहे?

इथे थोडे मागे जावे लागेल. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा दिसले ते १९६५ मध्ये, कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने म्हणजे टीआयएफआरने, जपानच्या ओसाका आणि ब्रिटनच्या डरहॅम इथल्या शास्त्रज्ञांबरोबर तो प्रयोग केला होता. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइनेस यांच्या गटालाही ते दिसले. कोलारची खाण २००१ मध्ये बंद पडली.

त्यानंतर तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात पोट्टीपुरम इथे डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो वेधशाळा बांधायचे ठरले. पन्नास हजार टनांचा लोखंडी डिटेक्टर, तीस हजारांच्या आसपास काचेचे संवेदक पट. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने सुमारे १,५०० कोटींना मंजुरी दिली. पुढे स्थानिक विरोध, पर्यावरण परवानगीचे वाद आणि न्यायालय. २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला. त्यात वाघांच्या भ्रमणमार्गाचा मुद्दा होता. हा शब्द चंद्रपूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. न्यूट्रिनोंमुळे किरणोत्सर्ग होईल ही भीती निराधार होती. पण खोदकाम, सुरुंग, पाणी यांबद्दलचे प्रश्न निराधार नव्हते आणि गावकऱ्यांशी बोलणे फार उशिरा सुरू झाले. मदुराईत त्या डिटेक्टरची ८५ टनांची छोटी प्रतिकृती मात्र उभी राहिली आणि चालली.

आता जवळच्या डिटेक्टरकडे येऊ. एलबीएनईच्या काळात जवळचा डिटेक्टर भारतीय संस्थांनी बांधावा असा प्रस्ताव होता. बारीक स्ट्रॉसारख्या वायूभरल्या नळ्यांचे थर, भोवती चुंबक, असा तो आराखडा. ड्यूनच्या २०१५ च्या अहवालात तोच संदर्भ-आराखडा म्हणून छापला गेला. पुढे शास्त्रज्ञांनी ठरवले, की दूरची टाकी आर्गॉनची आहे तर जवळचीही मुख्यतः आर्गॉनचीच हवी. हे कारण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने योग्यच होते. स्ट्रॉ नळ्यांची कल्पना २०२१ च्या आराखड्यात सँडच्या पोटात टिकून राहिली. त्याआधी एप्रिल २०१८ मध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेचा ऊर्जा विभाग यांच्यात न्यूट्रिनो संशोधनासाठी करार झाला. फर्मिलॅबच्या नव्या त्वरकासाठी मुंबईचे बीएआरसी, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, कोलकात्याचे त्वरक केंद्र आणि दिल्लीचे आंतरविद्यापीठ केंद्र यंत्रभाग बनवतात.

म्हणजे शलाका तयार करण्यात आपला हात ठसठशीत आहे. शलाका मोजण्यात तो तितका ठसठशीत असावा, असे माझे मत आहे. त्वरकाचे भाग पाठवले की काम संपते. डिटेक्टरचा भाग बांधला, की वीस वर्षे त्यातून येणाऱ्या नोंदी वाचण्याचे, चुका पकडण्याचे आणि निकालावर सही करण्याचे काम आपल्या मुलामुलींकडे राहते.

हा खर्च आपल्याला परवडतो का?

गडचिरोलीत आजही पावसाळ्यात गर्भवतीला खाटेवरून नदी ओलांडावी लागते, तिथे न्यूट्रिनो कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो उडवून लावू नये. न्यूट्रिनोने कुणाचा आजार बरा होणार नाही, वीज स्वस्त होणार नाही. मोठ्या विज्ञानाच्या नावावर अशी आश्वासने देणाऱ्यांनीच त्याचे नुकसान केले आहे.

पण रस्ता आणि डिटेक्टर एकाच तिजोरीतले एकमेकांचे वैरी आहेत, असे दाखवणेही खरे नाही. जवळचा डिटेक्टर हा पोट्टीपुरमच्या मानाने लहान खर्चाचा मामला आहे. त्याला डोंगर पोखरावा लागत नाही, जंगल लागत नाही, कुणाची जमीन लागत नाही. काम प्रयोगशाळेच्या टेबलावर होते. वायूचे पट बांधणे, गळती तपासणे, पिक्सेलच्या पाट्या जोडणे, हजारो वाहिन्या एकेक करून तपासणे. यातले बरेचसे काम बीएस्सी आणि आयटीआय झालेले तरुण शिकू शकतात. वेधशाळेसाठी काचेचे पट बनवताना आणि छोट्या प्रतिकृतीसाठी चुंबक उभा करताना टीआयएफआर आणि बीएआरसीने हे कसब कमावले आहे. ते मदुराईच्या एका शेडमध्ये जुने होऊ देणे, हा मला खरा अपव्यय वाटतो.

यात विदर्भाचा वाटा कुठे? माजरीसारख्या गावातून निघालेली भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी नागपूर किंवा पुण्याला जाते आणि बहुतेकदा प्रयोगाच्या बाजूला वळतच नाही, कारण प्रयोग तिने पाहिलेलाच नसतो. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाला मोठी प्रयोगशाळा कोणी देणार नाही. पण म्युऑन मोजणारा छोटा डिटेक्टर काही लाखांत होतो. तो पदवी महाविद्यालयात ठेवता येतो. उघड्या आकाशाखाली आणि खडकाच्या छताखाली मोजून म्युऑन किती कमी होतात, हे विद्यार्थ्यांना स्वतः पाहता येते. दोन ठिकाणी मोजायचे आणि फरकाचा अर्थ लावायचा. भूमिगत खाणींच्या प्रदेशात या प्रयोगासाठी जागा शोधत फिरावे लागणार नाही. वेकोलिने सुरक्षेचे नियम सांभाळून एखाद्या खाणीत तशी परवानगी द्यावी आणि टीआयएफआरने उपकरण द्यावे, इतकी साधी मागणी आहे.

मोठी मागणी दिल्लीकडे आहे. ड्यूनची शलाका २०३१ च्या सुमारास सुरू करण्याचे नियोजन आहे. दुसऱ्या टप्प्यातला वायूचा डिटेक्टर अजून आराखडा आणि चाचण्यांच्या पातळीवर आहे. त्याला चुंबक लागेल, ऊर्जा मोजणारे थर लागतील, वाचन-पाट्या लागतील. यातला एक पूर्ण भाग, आराखड्यापासून बसवण्यापर्यंत, भारताने आपल्या नावावर घ्यावा आणि त्याचा पैसा एकदाच, ठरलेल्या मुदतीत मंजूर करावा. अणुऊर्जा विभागाने हे येत्या दोन-तीन वर्षांत ठरवले नाही, तर तो भाग दुसरा देश घेईल आणि आपण त्यांच्या नोंदी वाचायला विद्यार्थी पाठवत राहू.